काका, पुतण्या आणि राक्षसभुवनचा काठ

बीडहून उत्तरेला गेवराईकडे निघालं की बालाघाटाचे डोंगर पाठीमागे राहतात आणि जमीन हळूहळू गोदावरीकडे उतरू लागते. या उतरत्या पट्ट्याला इकडे गंगथडी म्हणतात, कारण गोदावरी इथल्या बोलण्यात गंगाच असते. डोंगरावरची मुरमाड रानं इथे संपतात. पाडळसिंगीचा टोलनाका मागे पडला की रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळी जमीन दिसते, तिच्यात कापूस आणि तूर, आणि जायकवाडीच्या उजव्या कालव्याचं पाणी जिथे पोचतं तिथे ऊस. धुळे-सोलापूर महामार्ग सोडून नदीच्या दिशेनं वळलं की राक्षसभुवन येतं. गाव गोदावरीच्या दक्षिण काठावर, पलीकडचा काठ जालना जिल्ह्यात. शनीच्या साडेतीन पीठांपैकी एक म्हणून हे गाव ओळखलं जातं. शनिवारी माणसं येतात, शनी अमावास्येला तर रीघ लागते, आणि पैठणच्या जायकवाडी धरणातून पाणी सोडलं की नदीलगतचं शनिमंदिर पाण्यात जातं. पुराणातला शनी हा सूर्याचा मुलगा. बापाशी त्याचं कधी जमलं नाही. ज्या जागी घरातल्या माणसांच्या वैरानं इतिहासाला वळण दिलं, तिथे हे दैवत असावं हा योगायोग मला चुकवता येत नाही. येणाऱ्या भाविकांच्या मनात अर्थात ही लढाई नसते. मी मात्र तिच्यासाठीच या काठाकडे बघतो. 10 ऑगस्ट 1763 या दिवशी इथे पेशव्यांच्या फौजेनं निजाम अलीच्या फौजेचा पराभव केला आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला.

शाळेच्या पुस्तकात या लढाईला दोन ओळी मिळतात: पानिपतानंतर मराठ्यांची पत सावरणारा विजय, आणि अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्यांचं पहिलं मोठं यश. दोन्ही खरं आहे. पण या दोन ओळींत एक गोष्ट येत नाही, आणि माझ्या मते तीच मुख्य आहे. त्या दिवशी या काठावर जे लोक आमनेसामने होते, आणि जे एकाच छावणीत असूनही एकमेकांवर विश्वास ठेवत नव्हते, त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकाला तिथवर आणणारं भांडण त्याच्या स्वतःच्या घरातलं होतं. पुण्यात काका आणि पुतण्या, नागपुरात भाऊ आणि भाऊ, हैदराबादेतही भाऊ आणि भाऊ. याला मराठीत एक तयार शब्द आहे, भाऊबंदकी. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी 1909 साली पेशवे घराण्यावर नाटक लिहिलं तेव्हा नाव हेच दिलं. तो शब्द उच्चारला की आपलं समाधान होतं: मराठी माणसाचा स्वभावच तसा, काय करणार! बीड जिल्ह्यात तर हे समाधान आणखी सोपं आहे. 2019 च्या विधानसभा निवडणुकीत बीड मतदारसंघात क्षीरसागर काका-पुतणे समोरासमोर उभे होते आणि पुतण्या निवडून आला. त्याच वर्षी परळीत मुंडे घराण्यातली चुलत भावंडं एकमेकांविरुद्ध लढली. तेव्हा काका-पुतण्याचं वैर म्हणजे मातीचा गुण, असं म्हणून इथे कुणीही मोकळा होतो. मला हे पटत नाही. भाऊबंदकी हा स्वभावाचा दोष मानला की तिची कारणं शोधायची गरजच उरत नाही. माझं म्हणणं असं की अठराव्या शतकातल्या सरदार घराण्यांत नातं हीच सत्तेवरच्या हक्काची सनद होती, आणि या सनदा एकमेकींना छेद देत असताना कोणती खरी हे ठरवणारा नियम कुणाकडेच नव्हता. राक्षसभुवन त्या उणिवेतून घडलं.

पुण्याचं घर आधी पाहू. पहिल्या बाजीरावांचे थोरले चिरंजीव नानासाहेब पेशवे झाले; धाकटे रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा. जानेवारी 1761 मध्ये पानिपतावर नानासाहेबांचे थोरले पुत्र विश्वासराव आणि चुलत बंधू सदाशिवरावभाऊ दोघेही पडले. त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेब गेले. वाड्यात उरले सोळा वर्षांचे माधवराव, त्यांचे लहानगे भाऊ नारायणराव, आणि सव्वीस वर्षांचे काका. काकांच्या नावावर अटकेपर्यंतची मोहीम होती. पुतण्याच्या नावावर अजून काहीच नव्हतं. दोघांच्या वयात अंतर दहा-अकरा वर्षांचं, म्हणजे थोरल्या-धाकट्या भावांत असतं तेवढं. आता गादी कुणाची? गादीचा रिवाज सांगत होता, पेशवाई बापाकडून मुलाकडे जाते. बाळाजी विश्वनाथांनंतर बाजीराव, बाजीरावांनंतर नानासाहेब, मग माधवराव. साताऱ्याहून वस्त्रं त्यांनाच मिळाली. पण घराचा रिवाज वेगळा होता. एकत्र कुटुंबात घरातला वडीलधारा पुरुष कर्ता. शेत, वतन, देणं-घेणं, मुलामुलींची लग्नं, सगळं त्याच्या शब्दानं चालतं, आणि पुतण्यानं काकासमोर मान वर करून बोलायचं नसतं. शिवाय वडिलोपार्जित मिळकतीत भावाचा हिस्सा असतो. राघोबादादांनी पुढे राज्याची वाटणी मागितली, त्यात लोकांना लोभ दिसतो. लोभ होताच. पण गावातल्या कुठल्याही शेतकऱ्याच्या घरी ही मागणी न्याय्यच ठरली असती. राज्य ही मिळकत आहे की पद आहे, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर त्या वाड्यात कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. त्यात माधवरावांच्या मातोश्री गोपिकाबाई रास्त्यांच्या. कारभारात त्यांच्या माहेरच्यांचं वजन वाढतं आहे ही काकांच्या बाजूची तक्रार, आणि राघोबांचे कारभारी सखारामबापू बोकील आपलं ठाण मांडून बसले आहेत ही पुतण्याच्या बाजूची. ही भांडणं कुठल्याही वाड्यात ऐकू येतील अशी आहेत. फरक इतकाच की या वाड्याच्या मागे पन्नास-साठ हजारांची घोडदळं उभी राहत होती.

नोव्हेंबर 1762 मध्ये काका-पुतण्यांच्या फौजा घोडनदीच्या परिसरात भिडल्या. राघोबांनी मदतीला कुणाला घेतलं होतं? निजाम अलीला. ज्या निजामाला उदगीरला हरवून सदाशिवरावभाऊंनी 1760 मध्ये साठ लाखांचा मुलूख मिळवला होता, त्याच्याशी घरातल्या वडिलांनीच हातमिळवणी केली, आणि बदल्यात तो मुलूख परत देण्याची तयारीही दाखवली. 12 नोव्हेंबरला आळेगावला माधवराव आपण होऊन काकांच्या छावणीत गेले आणि स्वाधीन झाले. याचं वर्णन करताना चरित्रकार पुतण्याच्या विनयाचं कौतुक करतात. विनय असेलही, पण मला त्यात हिशेब अधिक दिसतो. रणात आणखी आठ दिवस झुंज चालली असती तर जिंकणारा काका नसता आणि पुतण्याही नसता, निजाम असता. शिवाय काकांच्या पायाशी गेलेल्या पुतण्याला काका मारू शकत नाही, नजरेखाली ठेवू शकतो फक्त. नात्यानं जे अडवलं होतं तेच नात्यानं राखलं. मग सत्ता हातात येताच राघोबांनी पुतण्याच्या बाजूच्या माणसांचा समाचार घेतला. मिरजेच्या गोपाळराव पटवर्धनांवर चाल केली, मिरज घेतली; प्रतिनिधीपद एकाकडून काढून दुसऱ्याला दिलं. दुखावलेले हे सरदार कुठे जाणार? जिथे काका गेले होते तिथेच, निजामाकडे. म्हणजे सहा महिन्यांत पत्ते उलटे झाले: निजामाचे मित्र पुण्यात सत्तेवर, आणि पुण्याचे जुने निष्ठावंत निजामाच्या छावणीत.

निजामाच्या छावणीत आणखी एक मोठा पाहुणा होता, नागपूरचे जानोजी भोसले, सेनासाहेबसुभा. त्यांच्याही पाठीमागे घरचाच प्रश्न उभा होता. रघूजी भोसले 1755 मध्ये वारले तेव्हा चार मुलगे होते: जानोजी, साबाजी, मुधोजी आणि बिंबाजी. जानोजी वयानं थोरले, पण मुधोजींचं म्हणणं की आम्ही थोरल्या राणीच्या पोटचे, तेव्हा हक्क आमचा. वयाचा थोरला की आईच्या मानानं थोरला? पुन्हा दोन नियम, आणि निवाडा करणारा पेशवा, जो निवाड्याची किंमत घेतो. जानोजींना पद मिळालं, मुधोजींना सेनाधुरंधर हा किताब आणि चांदा. खुमखुमी दोघांचीही शिल्लक राहिली. विठ्ठल सुंदरानं नेमकं हे हेरलं. त्यानं जानोजींपुढे ठेवलेलं आमिष मुलखाचं किंवा पैशाचं नव्हतं. ते नात्याचं होतं. साताऱ्याची गादी भोसल्यांची. नानासाहेबांच्या काळात तिथे बसवलेल्या रामराजाला खुद्द ताराबाईंनी आपला नातू नव्हे म्हणून झिडकारलेलं. आणि रघूजी भोसले तर शाहू महाराजांचे साडू. मग आडनावानंही आणि सोयरिकीनंही जवळच्या नागपूरकरांनीच छत्रपती का होऊ नये? आडनाव आणि साडूपणा एवढ्या भांडवलावर एका राज्याची उलथापालथ करायचा बेत त्या काळी कुणाला हास्यास्पद वाटला नाही, हीच माझ्या म्हणण्याला सर्वांत मोठी साक्ष आहे.

आणि खुद्द निजाम अली? त्याच्या घरचा हिशेब तर रक्तानंच मांडलेला. पहिला निजाम 1748 मध्ये वारला आणि गादीसाठी आधी मामा-भाचे लढले: मुलगा नासिरजंग आणि मुलीचा मुलगा मुजफ्फरजंग. दोघेही तीन वर्षांच्या आत मारले गेले. थोरला गाजीउद्दीन हक्क सांगायला दिल्लीहून औरंगाबादेत आला आणि 1752 मध्ये विषानं मेला. मग सलाबतजंग गादीवर बसला, आणि त्याला जुलै 1762 मध्ये कैदेत टाकून धाकटा भाऊ निजाम अली सर्वाधिकारी झाला. म्हणजे आळेगावला राघोबांचा मित्र म्हणून जो माणूस आला, तो चारच महिन्यांपूर्वी आपल्या थोरल्या भावाला बिदरच्या किल्ल्यात कोंडून आला होता. अशा माणसाला पुण्याच्या वाड्यातली फट दिसणार नाही तर काय! 1763 च्या उन्हाळ्यात त्याच्या फौजेनं पुणं लुटलं आणि जाळलं. त्याच वेळी मराठी फौजा त्याच्या मुलखात लूट करीत फिरत होत्या. दोघेही एकमेकांची घरं जाळत होते आणि समोरासमोर येत नव्हते. पावसाळा सुरू झाला तेव्हा निजाम माघारी औरंगाबादेकडे निघाला आणि वाटेत गोदावरी आडवी आली.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो नदीच्या काठावर उभं राहिलं की खरोखरच वजनदार वाटतो. राक्षसभुवनची लढाई नदीनं जिंकली, नात्यानं नाही. ऑगस्टमधली गंगा. आज वर जायकवाडीचं धरण आहे, त्यामुळे पात्रात किती पाणी असावं हे बरंचसं दरवाजे ठरवतात. कोरड्या महिन्यांत वाळूचे पट्टे उघडे पडतात आणि वाळूउपशाचे खड्डे दिसतात. 1763 मध्ये असं कुठलंही धरण नव्हतं. निजाम अली फौजेचा एक भाग घेऊन पलीकडे उतरला, नदी चढली, आणि विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडे अडकला. पेशव्यांच्या फौजेनं ते साधलं. राघोबादादा आघाडीवर होते, ते घेरले गेले. माधवराव राखीव फौज घेऊन धावले आणि लढाईचं पारडं फिरलं. विठ्ठल सुंदर पडला, आणि निजामाला पलीकडच्या काठावरून बघत राहण्यापलीकडे काही करता आलं नाही. यात नदीचा वाटा नाकारण्यात अर्थ नाही. पण नदीनं फौजेचे दोन भाग केले म्हणून अलीकडचा भाग आपोआप हरत नाही. तो भाग दुबळा झाला, कारण जानोजी भोसले त्याच्यात नव्हते. बत्तीस लाखांच्या मुलखाचं वचन घेऊन त्यांनी आधीच आतून पुण्याशी सूत जमवलं होतं आणि काहीतरी निमित्त काढून आपला तळ बाजूला हलवला होता. छत्रपतिपदाचं नातं दूरचं, बत्तीस लाख जवळचे. शिवाय मराठ्यांच्या बाजूनं त्या दिवशी काय वेगळं होतं ते पाहा. नऊ महिन्यांपूर्वी एकमेकांवर तोफा डागणारे काका आणि पुतण्या एका छावणीत होते, आणि घेरलेल्या काकाला सोडवायला तोच पुतण्या गेला ज्याला काकाच्या मरणानं सर्वाधिक फायदा झाला असता. तो तासभर थांबला असता तर कुणी दोष दिला नसता. तो थांबला नाही. नदीनं संधी दिली. ती उचलण्याजोगी एकी एका बाजूला होती आणि दुसऱ्या बाजूला नव्हती, हे नदीनं ठरवलेलं नाही.

दुसरा आक्षेप असा की हे हिंदू-मुसलमानांचं युद्ध होतं, त्यात घरगुती भानगडी दुय्यम. याला फार वेळ द्यायची गरज नाही. निजामाचा मारला गेलेला दिवाण, राजा प्रतापवंत असा किताब मिरवणारा, ब्राह्मण होता. त्याला रणात पाडणाऱ्या फौजेचे सूत्रधारही ब्राह्मण होते. आणि दोन्ही छावण्यांत मराठे सरदार होते.

यानंतर सप्टेंबरमध्ये औरंगाबादेत तह झाला आणि ब्याऐंशी लाखांचा मुलूख पेशव्यांकडे आला. त्यातले बत्तीस लाख कबूल केल्याप्रमाणे जानोजींना गेले. पुढे 1766 आणि 1769 मध्ये दोन हप्त्यांत माधवरावांनी ते सगळे परत काढून घेतले. त्याच सप्टेंबरात, तहाच्या सुमारासच, बिदरला कैदेत असलेला सलाबतजंग मारला गेला. पराभवानं हललेल्या निजाम अलीला जिवंत भाऊ ठेवणं परवडणारं नव्हतं. माधवरावांना मात्र जिवंत काका ठेवणं परवडलं, किंवा त्यांनी तसं ठरवलं. इथून पुढचा माझा मुद्दा या दोन निवडींबद्दल आहे, आणि त्यासाठी बीड सोडून थोडं लांब जपानला जावं लागतं, कारण सरदार घराण्यांतल्या नात्यांचा इतका निर्दय हिशेब दुसऱ्या कुठल्या देशानं इतका नीट नोंदवून ठेवलेला मला माहीत नाही.

जपानात पंधराव्या-सोळाव्या शतकात मुलखामुलखाचे सामुराई सरदार, डाइम्यो, एकमेकांशी शंभर वर्षं लढत होते. ताकेदा शिंगेननं 1541 मध्ये स्वतःच्या बापाला हद्दपार केलं, आणि पाठवलं कुठे तर शेजारच्या इमागावा घराण्यात, म्हणजे बापाच्या जावयाकडे. पुढे शिंगेनचाच थोरला मुलगा बापाविरुद्ध गेला आणि 1567 मध्ये कैदेत मेला. ओदा नोबुनागानं घराण्यावर पकड बसवताना सख्खा भाऊ मारवला. बहीण ओइची आझाई नागामासाला दिली, सोयरीक पक्की केली, आणि 1570 मध्ये हाच मेहुणा ऐन मोहिमेत उलटला; तीन वर्षांनी त्याचा गड पडला आणि त्यानं पोट फाडून घेतलं. तोकुगावा इएयासूला नोबुनागाशी मैत्री टिकवण्यासाठी 1579 मध्ये आपल्या थोरल्या मुलाला आत्महत्येचा हुकूम द्यावा लागला. 1600 मध्ये सेकिगाहाराच्या लढाईत निर्णायक क्षणी बाजू बदलली ती कोबायाकावा हिदेआकीनं. हा नोबुनागानंतर जपान एका छत्राखाली आणणाऱ्या तोयोतोमी हिदेयोशीच्या बायकोचा भाचा, एकेकाळी त्याच्याच घरी दत्तक वाढलेला, आणि उलटला तो हिदेयोशीच्या मुलाचं घर राखू म्हणणाऱ्या बाजूवर. टेकडीवर तळ ठोकून वाट बघणारा हिदेआकी आणि गोदाकाठी तळ बाजूला हलवणारे जानोजी यांना एकमेकांची नावंही माहीत असण्याचा प्रश्न नव्हता, पण दोघांची नड एकच होती: मोठ्या घराशी नातं आहे, आणि त्या नात्यातून मिळतं किती हे ठरलेलं नाही.

हिदेयोशीचं उदाहरण तर आपल्या गोष्टीला आरसा धरतं. त्याला मूल जगत नव्हतं म्हणून त्यानं 1591 मध्ये बहिणीचा मुलगा हिदेत्सुगू दत्तक घेतला आणि आपलं पद त्याला दिलं. दोन वर्षांनी स्वतःचा मुलगा झाला. भाचा आता अडचण झाला. 1595 मध्ये त्याला कोया पर्वतावर आत्महत्या करायला लावली, आणि त्याच्या बायका, दासी, लेकरं मिळून तीसहून अधिक जणांना क्योतोत नदीकाठी मारलं. माधवरावांवर जी टीका नेहमी होते ती इथे तपासून पाहता येते. टीका अशी: राक्षसभुवननंतर, किंवा निदान 1768 मध्ये धोडपला काकाचा शेवटचा पराभव केल्यावर, माधवरावांनी त्याला शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवण्याऐवजी कायमचा काटा काढला असता, तर खुनाचा, 30 ऑगस्ट 1773 चा, दिवस उगवला नसता आणि नारायणराव वाचले असते. हिदेयोशीनं नेमकं हेच केलं. परिणाम काय झाला? तीन वर्षांनी तो मेला तेव्हा मुलगा पाच वर्षांचा होता, आणि घरात त्याला सांभाळणारा एकही कर्ता पुरुष उरला नव्हता. तो आपणच मारला होता. मुलगा आणि त्याची आई 1615 मध्ये ओसाकाच्या किल्ल्यात संपले, आणि घराणं बुडालं. ही आई कोण? मघाच्या ओइची आणि नागामासाची मुलगी. तिची सख्खी धाकटी बहीण किल्ल्याबाहेर वेढा घालून बसलेल्या सेनापतीची बायको होती, आणि त्या बहिणीची मुलगी किल्ल्यातल्या मुलाची बायको. नात्यांचं इतकं दाट जाळं असूनही कुणाचा जीव वाचला नाही. एक ती मुलगीच बाहेर काढली गेली. तेव्हा काका मारायला हवा होता हा युक्तिवाद मला कच्चा वाटतो. मारलेलं नातं घराला जितकं पोकळ करतं, तितकंच राखलेलं नातं घराला धोक्यात ठेवतं. दोन्ही वाटा खड्ड्याकडेच जातात, कारण खड्डा नियमाच्या जागी आहे.

तो नियम जपानात केला तो इएयासूनं. 1603 मध्ये तो शोगुन, म्हणजे देशाचा सर्वोच्च सेनापती, झाला आणि दोनच वर्षांत, स्वतः धडधाकट असताना, पद मुलाच्या हाती देऊन बाजूला झाला; वारसा कसा जातो हे सगळ्या देशाला डोळ्यांनी दिसू दिलं. नातवांत धाकट्याला पुढे करायचा आईबापांचा विचार होता, तोही त्यानं मोडून थोरला पुढे केला. तीन मुलांची ओवारी, किई आणि मितो अशी तीन घराणी वेगळी काढली: मूळ वंश खुंटला तर वारस इथूनच यायचा. 1716 मध्ये तसा प्रसंग आला आणि किई घराण्यातला योशिमुने शोगुन झाला, लढाई न होता. या व्यवस्थेतही रक्त सांडलं, धाकट्या नातवाला शेवटी जीव द्यावा लागलाच. पण शोगुनांचं घराणं अडीचशे वर्षं टिकलं. यावर कुणी म्हणेल, तुलना अन्यायाची आहे. इएयासू सर्वसत्ताधीश होता. पेशवा हा कागदोपत्री साताऱ्याच्या छत्रपतींचा नोकर, त्याला वारशाचा कायदा करण्याचा अधिकारच नव्हता. हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. खरंच, पेशव्यांना पद वंशपरंपरा चालवायचं होतं आणि ते वंशपरंपरा आहे असं उघड लिहिता येत नव्हतं. पण शोगुनही कागदोपत्री सम्राटाचा नोकरच होता. फरक पडला तो इच्छेत. पेशव्यांना दुसऱ्यांच्या घरातल्या वारशाची अनिश्चितता कमाईची वाटत होती: नागपूरचा निवाडा, बडोद्याचा निवाडा, नजराणा इकडे आणि सनद तिकडे. ज्या गोंधळावर आपला कारभार पोसतो तो गोंधळ आपल्याच देवघरात शिरला आहे हे ओळखायला जागा उरत नाही.

याची एक साक्ष बीड शहरातच आहे. शहराच्या पूर्व भागात मन्सूरशाह या सूफी संतांचा दर्गा आहे. महादजी शिंदे त्यांना गुरू मानत; पानिपतानंतर महादजींचा पत्ता नव्हता तेव्हा घरच्यांनी इथे येऊन दुवा मागितली आणि ते जिवंत परतले, अशी आख्यायिका आहे, आणि ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यानं या संतांचा मान पुढेही ठेवला. महादजी हे राणोजींचे लग्नाबाहेरच्या संबंधातले पुत्र. भाऊ जयाप्पा, दत्ताजी, पुतण्या जनकोजी, असे हक्काचे पुरुष एकामागून एक रणात किंवा दग्यात मेले तेव्हाच त्यांचं नाव पुढे आलं. तरीही सरदारी मिळायला 1768 उजाडलं. मधली सात वर्षं का गेली? राघोबादादांनी आधी महादजींच्या पुतण्याला, केदारजीला, आणि मग मानाजीला पुढे केलं. माधवरावांनी शेवटी महादजींना मान्य केलं. पुण्यातले काका-पुतणे शिंद्यांच्या घरातल्या काका-पुतण्यांना आपापले मोहरे करून खेळत होते. जन्माच्या नात्यानं ज्याला असं ताटकळत ठेवलं, त्या माणसानं बीडच्या फकिराशी जोडलेलं गुरूचं नातं जन्मभर जपलं, यात मला भाबडेपणा दिसत नाही. त्या नात्यात कुणी हिस्सेदार नव्हता.

माधवराव 18 नोव्हेंबर 1772 ला थेऊरला वारले, सत्तावीस वर्षांचे असताना. मरण्यापूर्वी त्यांनी काकांनाच नारायणरावाचं पालकत्व दिलं. दुसरं करणार काय? घरात वडीलधारा तोच होता. घराचा नियम शेवटी गादीच्या नियमावर चढून बसला तो असा, मरणाऱ्याच्या तोंडून. नऊ महिन्यांनी गारद्यांनी अठरा वर्षांच्या नारायणरावांना वाड्यात कापलं. पुढची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे: राघोबांच्या हुकमातल्या ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं ते त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी. ध चा मा. इतकी सोपी गोष्ट मला नेहमीच संशयास्पद वाटत आली आहे. दोन पिढ्यांचा गुंता एका अक्षरात आणि एका बाईच्या बोटात कोंबून पुरुष मोकळे होतात. ज्यांनी वारशाची व्यवस्था लावली नाही त्यांना कुणी काही विचारत नाही. न्यायाधीश रामशास्त्र्यांनी मात्र अक्षराच्या मागे न लागता ज्याच्यासाठी खून झाला त्यालाच दोषी धरलं, आणि पुणं सोडलं. राघोबादादा मग सुरतेला इंग्रजांकडे गेले, 1775 मध्ये तह करून बसले. दहा-बारा वर्षांपूर्वी ते पुतण्याविरुद्ध निजामाकडे गेले होते तसंच हे जाणं. फक्त या वेळी पलीकडचा पाहुणा नदी उतरून परत जाणारा नव्हता. त्याच 1775 च्या जानेवारीत नागपूरजवळ पाचगावला मुधोजींनी साबाजींना, म्हणजे एकाच बापाच्या मुलाला, लढाईत पिस्तुलानं मारलं. जानोजी निपुत्रिक मेले होते आणि मुधोजींचा मुलगा दत्तक होता. भांडण त्याचा सांभाळ कुणी करायचा याचं होतं.

आणि ब्याऐंशी लाख मिळवून देणाऱ्या या काठाचं काय झालं? बीड निजामाच्याच राज्यात राहिलं. निजाम अलीच्या वंशजांनी या गंगथडीचा सारा सप्टेंबर 1948 पर्यंत वसूल केला. पेशव्यांचं घर 1818 मध्येच संपलं होतं, आणि त्याचा शेवटचा धनी होता राघोबादादांचा मुलगा, दुसरा बाजीराव. गादी अखेर काकांच्याच शाखेत गेली होती. खुद्द राघोबादादा 1783 च्या डिसेंबरात कोपरगावला वारले. तेही गोदावरीच्याच काठी, राक्षसभुवनच्या वरच्या अंगाला.